छत्तीसपैकी साडेअकरा

माझ्या आईनं मला न सांगता पत्रिका जुळवून आणली तेव्हा गुण आले साडेअकरा. छत्तीसपैकी. अठराच्या खाली आले की गुरुजी पुढं बोलतच नाहीत, असं ती म्हणते. आता गंमत अशी, की ज्याच्याशी माझी पत्रिका जुळवायची होती त्याची जन्मवेळ कुणालाच धड माहीत नाही. तो १९९५ चा. औसा तालुक्यात, पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेला. किल्लारीचा भूकंप होऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्यांना पक्कं घर अजून मिळायचं होतं. त्याच्या आईला वेळ विचारली तर त्या सांगतात, "कोंबडं आरवलं होतं का आरवायचं होतं, तसंच काहीतरी." त्या कोंबड्याच्या भरवशावर गुरुजींनी साडेअकरा काढले. तो अर्धा गुण कुठून आला, हे मला आजही कळलेलं नाही.

आमच्या लग्नाला आता तीन वर्षं होतील. माझ्या मामेबहिणीचे बघण्याचे कार्यक्रम सुरू झालेत. परवा तिनं फोनवर विचारलं, "अक्का, तुला कसं कळलं गं, हाच म्हणून?" मी काहीबाही सांगून फोन ठेवला. मग रात्री वाटलं, हिला नीट सांगायला पाहिजे, कारण मला 'हाच' असं कधी कळलंच नव्हतं. जे कळलं ते तुकड्यातुकड्यानं, आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दलचं होतं.

मी लातूरची. वडील एसटीत कंडक्टर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एम. कॉम. झाल्यावर मी बचत गटांच्या हिशोबाचं काम धरलं, तेच अजून करते. २०१५ ते २०२० या पाच वर्षांत मला चौदा ठिकाणचे पाहुणे बघून गेले. लोक कांदेपोहे म्हणतात. आमच्या घरी सुशीला असायचा. मुरमुरे भिजवून पिळले की झटपट होतो आणि पाहुणे किती येतील याचा नेम नसला तरी पुरतो. चौदा वेळा मी तो ट्रेमधून नेला. चौदाही ठिकाणच्या लोकांनी बैठकीत एकच वाक्य म्हटलं, "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तुम्ही बघा." त्यातल्या अकरा जणांची यादी नंतर मध्यस्थाच्या तोंडून आली. लग्न लातुरात करून द्या, पोराला गाडी, पाच तोळे, भांडी, वरचा मानपान. एकानं तर नोकरी लागण्यासाठी संस्थेला भरलेले पैसे आमच्याकडून वसूल करायचं ठरवलं होतं.

मीही प्रश्न विचारायचे. आईला ते आवडायचं नाही, पण विचारायचे. लग्नानंतर नोकरी करू द्याल का? हुंड्याबद्दल तुमचं मत काय? सगळे अगदी बरोबर उत्तर द्यायचे. शिकलेल्या मुलांना बरोबर उत्तर काय असतं हे पाठ असतं, आमच्या लातुरात तर जास्तच. परीक्षेच्या तयारीसाठीच हे गाव ओळखलं जातं.

एक कार्यक्रम मात्र मी विसरत नाही. २०१६ चा मे महिना. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तो उन्हाळा. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून त्याआधीच जमावबंदी लावलेली होती. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. आई भांडी राखेनं घासायची, अण्णा दोन तांब्यांत आंघोळ उरकायचे, आणि पाहुणे येणार म्हणून आम्ही चार दिवस आधीपासून दोन बादल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मुलगा इंजिनिअर, पुण्यात. बोलायला चांगला. समानतेबद्दल तर माझ्यापेक्षा छान बोलला. जाताना त्यांच्या ड्रायव्हरनं काचेवर धूळ बसलीय म्हणून पाणी मागितलं आणि दारातली एक बादली उचलून निम्मी काचेवर ओतली. मुलगा शेजारी उभा राहून मोबाइल बघत होता. आई दारात उभी. ती काहीच बोलली नाही, पण तिचा हात आपोआप पुढं गेला, बादली धरायला, आणि तिथंच थांबला.

मी नाही म्हणाले. अण्णा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. "एका बादलीपायी सोन्यासारखं स्थळ घालवलंस," हे ते पुढं कितीतरी वर्षं म्हणत होते. तो मुलगा वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याला ती बादली दिसलीच नव्हती. मला तेवढं पुरलं.

पण मी काही फार वरच्या पायरीवर उभी होते असंही नाही. माझ्या बायोडाट्यात, माझ्याच हातानं टाइप केलेल्या, अपेक्षांच्या रकान्यात होतं: 'शासकीय नोकरी किंवा कायम नोकरी, शहरात स्वतःचं घर.' शेतीबद्दल 'असल्यास उत्तम' असं होतं. म्हणजे शेती पाहिजे, शेतकरी नको. आमच्याकडं गावोगाव तिशी ओलांडलेली पोरं बिनलग्नाची बसलीत त्याला मी आणि माझ्यासारख्या मुलींचे बायोडाटे थोडे तरी कारण आहेत, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मी बदललं नसतं. कोरडवाहू तीन एकरात काय पिकतं ते मी गटाच्या वह्यांमधून रोज बघत होते.

तो भेटला २०२१ च्या जानेवारीत. औसा तालुक्यातल्या एका गटानं कर्ज काढून छोटी दाल मिल घेतली होती. तुरीची सुगी ऐन भरात, आणि मोटार जळाली. अकरा बायका मिलच्या खोलीबाहेर सुतक असल्यासारख्या बसल्या होत्या. अध्यक्ष मावशींनी औशातून एका मिस्त्रीला बोलावलं होतं. तो आला, मोटार उघडली, वास घेतला, स्टार्टरचं झाकण काढलं. मी तिथं गटाच्या हिशोबाला आलेली मॅडम. खुर्ची एकटीलाच दिलेली. एरवी असा कुणी कारागीर आला की तो खुर्चीकडं तोंड करून बोलतो. यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तो मावशींजवळ उकिडवा बसला आणि त्यांना समजावून सांगायला लागला, की लाइटचा दाब कमी असला की मोटार जास्त करंट ओढते, गरम होते, आतल्या तारेवरचं वार्निश जळतं. म्हणून तर स्टार्टर पडतो. तो सारखा पडतो म्हणून कुणीतरी त्याची तार थेट जोडून टाकलीय.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. सचिव बाईंच्या नवऱ्याचं ते काम होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणी जोडली ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "स्टार्टर पडला की अर्धा तास थांबायचं, एवढंच. तो आपल्यासाठीच पडतो."

मोटार भरून, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळून, आणली चौथ्या दिवशी. बिल साध्या वहीच्या कागदावर, पण सगळं लिहिलेलं. तार किती किलो, कोणत्या नंबरची, कागद, वार्निश, बेअरिंग, मजुरी. आणि बिलाबरोबर एक पिशवी. मावशींनी उघडली तर आत काळी पडलेली तांब्याची तार.

"हे काय हाय?"

"तुमच्या जुन्या मोटारीतलं तांबं, मावशी. जळलं तरी तांबंच ते. भंगारवाल्याला द्या नाहीतर मला द्या, मी बिलातून वजा करतो."

ज्यांच्या घरी शेतीची मोटार आहे त्यांना हे कळेल. भरायला टाकलेल्या मोटारीतलं जुनं तांबं सहसा दुकानदाराचं होतं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. मी चार वर्षं गटांचे हिशोब तपासत होते आणि अशा दुरुस्तीच्या बिलांवर सह्या करत होते. हे तांबं जातं कुठं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी त्याला विचारलं, "सगळे असं देतात का, भाऊ?"

भाऊ. पहिल्याच भेटीत मी त्याला भाऊ म्हणाले. माझी धाकटी बहीण राखीपौर्णिमेला दर वर्षी मला याची आठवण करून देते.

"सगळ्यांचं मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून, "तुम्ही हिशोबाच्या मॅडम ना? मग हे लिहा की जमेच्या बाजूला."

मी लिहिलं. पुढं कामानिमित्त फोन व्हायचे. इतर गटांच्या मोटारी, एका ठिकाणी पिठाची गिरणी. आयटीआय केलेला, औशात पत्र्याचं दुकान, मागं तीन एकर. काम नसतानाचे फोन कधी सुरू झाले ते सांगता येत नाही. मॅडमवरून तुम्हीवर यायला पाच महिने लागले आणि तूवर यायला वर्ष. या भागात असं बोलणं लपूनछपूनच चालतं. आम्ही लातुरात एकदाही चहाला बसलो नाही, कारण कंडक्टर माणसाच्या ओळखी प्रत्येक हॉटेलात असतात.

आमचं बिनसलं ते ऑगस्टमध्ये. गटाची बैठक मारुतीच्या देवळासमोर होती. एका बाईचे दोन हप्ते थकले होते. मी रजिस्टर उघडून तिचं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "तुमच्या एकीमुळं सगळ्या गटाची बँकेत पत जाते. लाज वाटायला पाहिजे." नियमित परतफेड हे गटाच्या पंचसूत्रीतलं एक सूत्र, आणि मी ते चोख पाळून घ्यायचे. तो उरलेलं बिल न्यायला आला होता, ओट्यावर बसला होता. तिथं एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी फोन आला.

"एक बोलू का? राग नका मानू. त्या बाईला तुम्ही आज जसं बोललात, तसं बँकेतला साहेब चारचौघांत तुम्हाला बोलला असता तर?"

"तुम्हाला गटाच्या कामातलं काय कळतं?" म्हणाले आणि फोन ठेवला.

नऊ दिवस मी बोलले नाही. त्यानंही फोन केला नाही, विनवण्या केल्या नाहीत, कविता पाठवल्या नाहीत. चौदा स्थळांच्या काळात मला सगळ्यांनी 'किती हुशार, किती छान' म्हटलं होतं. तू चुकलीस, असं सांगणारा हा पहिलाच, तेही एकटीला गाठून. खरं सांगायचं तर मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता, नुसता राग होता. सहाव्या दिवशी मी त्या बाईच्या घरी गेले ते माझं म्हणणं बरोबर होतं याचा पुरावा शोधायला. तिनं चहा केला. हप्ता कशामुळं थकला ते सांगितलं. ते तिचं आहे, इथं लिहीत नाही. मला माफी मागता आली नाही. मी फक्त म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी बैठकीआधी मला एकटीला सांगा." ती म्हणाली, "तुमीबी मला एकटीला विचारा."

नवव्या दिवशी मी फोन केला. "माझं चुकलं होतं. पण तुम्ही ते फोनवर सांगायला नको होतं."

"मग कुठं सांगायला पाहिजे होतं? देवळासमोर?"

मला हसू आलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुमचं पण बरोबर होतं. गटाच्या कामातलं मला खरंच कळत नाही. मी नुसतं आवाजाचं बोललो."

मामेबहिणीला सांगायचं ते इथंच कुठंतरी आहे, असं मला वाटतं. तांब्याच्या पिशवीनं मी हुरळले होते, पण पिशवी परकी माणसंही परत देतात. या नऊ दिवसांत मला त्याच्याशी भांडताना भीती वाटली नव्हती. माझ्या घरात भांडण म्हणजे अण्णांचा आवाज आणि आईचं गप्प बसणं. बाकी आम्ही सगळ्या अंदाज घेत वावरायचो. भांडणात दोन्ही बाजूंनी बोलता येतं, हे मी घरात कधी बघितलंच नव्हतं.

मग माझी पाळी आली. त्याच्या बहिणीचं लग्न २०१८ मध्ये झालेलं. बोलता बोलता कळलं, की चार लाख आणि मोटारसायकल दिली होती. मी तडकले. हुंड्याविरुद्ध आपण दोघं तासन् तास बोललो, तेव्हा हे कुठं होतं? १९६१ चा कायदा देणाऱ्यालाही सोडत नाही, वगैरे सगळं ऐकवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दिले," म्हणाला. "बैठकीत मी बसलो होतो. गप्प बसलो होतो. तिचं लग्नाचं वय झालं होतं, बाप रात्री झोपत नव्हता. अडीच लाखाचं कर्ज अजून हाय. हे तुला आधी सांगायला पाहिजे होतं, सांगायची लाज वाटली."

त्यानं बापावर ढकललं असतं, 'रीत आहे' म्हटलं असतं, तर काय झालं असतं माहीत नाही. माझ्यासाठीही अण्णांनी सहा लाखांची ठेव करून ठेवलेली होतीच की. मी ती मोडा म्हणून कधी हट्ट धरला होता? आमची मूल्यं सारखी होती असं म्हणण्यापेक्षा, आमचं लाजिरवाणं सारखं होतं.

२ जानेवारी २०२२ ला वेळ अमावस्या होती. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळे रानात असतात. मी मावशींच्या गटातल्या बायकांबरोबर त्याच्या रानात गेले. बारा बायकांत एक मी, कुणाला काय कळणार. (सगळ्यांना कळलं होतं.) कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, भज्जीचं पातेलं, आंबिलाचं मडकं. भज्जीत तुरीचे दाणे, वाल, हरभरा, बोरं, काय नव्हतं ते विचारा. पूजा झाल्यावर त्याच्या आईनं एक पान वेगळं वाढून कोपीच्या कडेला ठेवलं. मला वाटलं गाईचं असेल. त्याचे वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "ते थोरलीचं आन् लेकराचं हाय."

त्याच्या वडिलांचं पहिलं कुटुंब भूकंपात गेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. बायको आणि दीड वर्षाचं मूल. त्या पहाटे ते रानात पाणी द्यायला गेले होते म्हणून राहिले. पुढच्या वर्षी दुसरं लग्न झालं. तेव्हा त्या भागात अशी कितीतरी लग्नं लागली. थोरलीचं पान दर वर्षी धाकटी वाढते. तिला कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांना नंतर विचारलं, तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही? म्हणाल्या, "ह्यांनी पयल्याच दिवशी सांगितलं, मी रातचा उठून रडतो, तुला चालत असंल तर बघ. मग कामून वाईट वाटंल? लपवलं असतं तर वाटलं असतं."

त्या दिवशी दुपारी आंबील पिऊन सगळे पेंगुळले होते. त्यानं विचारलं, "मग?" मी म्हणाले, "मग काय." आमच्याकडची मागणी एवढीच झाली. गुडघ्यावर वगैरे कुणी बसलं नाही, कारण तो आधीच बांधावर मांडी घालून हरभरा सोलत होता.

घरी सांगितलं मार्चमध्ये. आमची जात वेगळी. कोणती कोणाची ते लिहीत नाही, वाचणारे नाहीतर तेवढंच वाचतील. अण्णांनी जात हा शब्द सोडून सगळं बोलून घेतलं. एम. कॉम. पोरगी आणि मोटारी भरणारा मिस्त्री. पत्र्याचं दुकान. तीन एकर कोरडवाहू. काळे हात. धाकटीच्या सोयरिकीचं काय. आईनं साडेअकरा गुण आणले ते याच दिवसांत. सात-आठ महिने घरात जेवणाच्या वेळाच बदलून गेल्या, एकत्र बसायला नको म्हणून. तेवढं सगळं लिहीत बसत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे, ज्यांच्या घरी नाही झालं त्यांना सांगून कळत नाही.

पळून जायचं नाही, एवढं आमचं पक्कं होतं. त्याच्या एका मित्रानं सत्यशोधक पद्धतीनं लग्न सुचवलं. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला तो १८७३ चा, आणि त्या पद्धतीत नवरा-नवरी मंगलाष्टकांतून एकमेकांना वचनं देतात, हे मला फार आवडलं होतं. पण आम्हा दोघांचा आवाज असा, की वऱ्हाड पळालं असतं. शेवटी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करायची ठरली. नोव्हेंबरमध्ये आम्ही विवाह अधिकाऱ्यांकडं नोटीस दिली. वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, अर्ज. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक जण 'सगळं करून देतो' म्हणून आठ हजार मागत होता. त्यानं मुलीच्या वडिलांची संमती लागते असंही ठोकून दिलं. लागत नाही. मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असलेला, आधीचं लग्न शिल्लक नसावं, आणि नात्यात निषिद्ध नसावं. आक्षेप घेणाऱ्याला कायद्यातली लग्नाची अट मोडतेय एवढ्याच मुद्द्यावर घेता येतो. 'आम्हाला पसंत नाही' हा आक्षेप होत नाही.

पण नोटीस फलकावर लागते. तीस दिवस. तुमचं नाव, वय, पत्ता, धंदा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला. तिसऱ्याच दिवशी नात्यातल्या कुणीतरी फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चार दिवस नुसते फोन. ज्यांनी मला दहा वर्षांत कधी कशी आहेस विचारलं नव्हतं त्यांनाही एकाएकी माझी काळजी लागली. मी त्या दिवसांत एकटी कामावर जात नव्हते. मावशींनी गटातल्या दोघीतिघी पाळीपाळीनं माझ्याबरोबर पाठवल्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

या तीस दिवसांत आम्ही रोज रात्री फोनवर हिशोब केले. प्रेमाचं बोलायला हवं होतं खरं तर, पण मला हिशोबातच धीर येतो. राहायचं कुठं? माझं काम लातुरातून, त्याचं दुकान औशाला, मध्ये वीसेक किलोमीटर. औशातच खोली घ्यायची आणि मी ये-जा करायची असं ठरलं, कारण मोटार जळाल्यावर शेतकरी रात्री अकरालाही दार वाजवतो. माझं नाव बदलायचं नाही. त्याच्या आईवडिलांना महिन्याला किती, माझ्या आईवडिलांना किती. यावर तो अडखळला. मुलीच्या माहेरी पैसे द्यायचे हे त्याला पटत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. दोन रात्री गेल्या, मग निघालं. मी अडले ते कर्जावर. म्हणाले, हुंड्याचं कर्ज माझ्या पगारातून मी फेडणार नाही, एक रुपयाही नाही. घरात भाजी मी आणीन, भाडं मी भरीन, पण ते नाही.

"नको फेडू," तो म्हणाला. "ते माझं हाय."

सव्वा दोन वर्षं लागली त्याला. त्या काळात आमच्या घरी फ्रीज नव्हता. पगाराचे पैसे माझ्या खात्यात असायचे आणि फ्रीज येत नव्हता, कारण तो म्हणायचा निम्मे माझे टाकल्याशिवाय आणायचा नाही. यावरून आम्ही पुष्कळ भांडलो. उन्हाळ्यात दूध नासायचं तेव्हा मला त्याचे ते तत्त्व बिलकूल गोड वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नोटिशीचा बाविसावा दिवस असेल. अण्णा सकाळी बाहेर पडले ते दुपारी आले. हातात पिशवी. ती त्यांनी धाडकन टेबलावर ठेवली. घराच्या बोअरची जुनी मोटार कित्येक महिने बंद पडली होती. ती त्यांनी चार दिवसांपूर्वीच औशाला नेऊन टाकली होती, ओळख न देता. त्यानं ओळखलं होतं, फोटो बघितलेला होता. पण अण्णा गिऱ्हाईक म्हणून आले म्हणून त्यानंही गिऱ्हाईक म्हणूनच ठेवलं. मला दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.

"पूर्ण बिल घेतलं," अण्णा म्हणाले. "शंभर रुपये सोड म्हणालो, तर म्हणतो मजुरी ठरलेली हाय." थोड्या वेळानं, "स्टुलावर बसवलं. पोराला सांगून चहा मागवला. आपण आधी त्या पोराला दिला, मग घेतला." मग आईला, "ते तांबं माळ्यावर ठेव."

ते बदलले, आशीर्वाद दिला, असं काही झालं नाही. ते नोंदणीच्या दिवशी आले, एवढंच. डिसेंबरातली सकाळ. तीन साक्षीदार लागतात. माझी मैत्रीण, त्याच्या दुकानातला पोरगा, आणि मावशी. अण्णांना सही करता का विचारलं तर ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, सगळ्यांच्या आधारकार्डांची पिशवी मांडीवर घेऊन. आत आम्ही दोघांनी घोषणापत्रावर सह्या केल्या आणि मग ते वाक्य म्हटलं, मी तुझा माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते. त्याच्या आईला ते एवढंसं वाक्य कमी वाटलं; त्यांनी हळूच विचारलं, "झालं का?" मावशींची सही गटात शिकलेली. आडनावातलं जोडाक्षर त्या दर वेळी थांबून, जीभ दाताखाली धरून काढतात. त्या दिवशी अधिकाऱ्यांसकट सगळे त्या जोडाक्षरासाठी थांबलो. तेवढा वेळ फार छान होता.

नंतर समोरच्या हॉटेलात सगळ्यांनी सुशीला खाल्ला. पंधराव्यांदा, पण या वेळी मला कुणाला नेऊन द्यायचा नव्हता. फी, झेरॉक्स, हार, पेढे, नाश्ता, गाडीभाडं मिळून खर्च साडेपाच हजारांच्या आत. निम्मा त्यानं, निम्मा मी. अण्णांची ठेव तशीच राहिली. ती त्यांनी आपल्या आजारपणासाठी ठेवावी असं माझं म्हणणं, धाकटीसाठी असं त्यांचं. तो वाद अजून चालू आहे.

आईचं साडेअकराचं दुःखही अजून आहे. दर संकष्टीला ती माझ्यासाठी जास्तीचा एक मोदक करते, गुण भरून यावेत म्हणून.

मागच्या महिन्यात अण्णांच्या बोअरची मोटार परत जळाली. जावई दुकानातून निघून स्वतः जाऊन घेऊन आला, भरली, नेऊन बसवली. रात्री अण्णांचा मला फोन. आवाज बारीक केलेला, म्हणजे तो शेजारी असणार असा अंदाज धरून.

"तार कोणत्या भावानं धरलीय गं त्यानं? मागच्या बिलापेक्षा जास्त वाटलालीय."